उणे पंधराचा आकडा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण त्याच अभिमानापायी मी एकदा खोटं बोलले.

धुळ्याला एमएस्सीला असताना मी आणि मुक्ताईनगरकडची माझी मैत्रीण, दोघींचा मिळून एक प्रकल्प होता: झायलीन नावाच्या द्रावकाचा थंडीत बाष्पदाब किती, ते शोधायचं. कोमट झायलीनचा दाब पाऱ्याच्या नळीवर वाचता यायचा. बर्फ-मिठात बाटली उणे पंधरावर नेली, की पारा हलायचाच नाही. प्रयोगशाळेतले मदतनीस नाना बर्फ आणून आणून वैतागले, सगळा संपला तरी पारा जागीच. "ताई, बठ्ठा बरफ सरी गया, तुमना पारा तठेच शे!"

मी आलेखावर कोमट झायलीनच्या आकड्यांवरून सरळ रेघ खाली ओढून मोकळी होणार होते. मैत्रिणीने हात धरला. "खाली रेघ वाकते गं. थंडीत वाफ व्हायला उष्णता जास्त लागते." ती उष्णता तिने कॅलरीमीटरवर तीन आठवडे खपून मोजली. त्यावरून खालचे आकडे आम्ही गणिताने काढले.

आमच्या मार्गदर्शक सरांकडे पुढच्या संशोधनाला एकच जागा होती. आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार, हे ठरलेलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा उणे पंधराचा आकडा मोजलाय की काढलाय?"

"मोजलाय," मी म्हणाले. काढलाय म्हटलं तर नुसता अंदाज वाटेल, अशी भीती वाटली.

"काढलाय, सर," मैत्रीण म्हणाली.

"हिला माहीत नाही, सर," मी घाईने म्हणाले. "त्या दिवशी ही गावी गेली होती."

"प्रकल्पात लक्ष होतं ना तुमचं?" परीक्षकांनी तिला विचारलं. तिने तोंड उघडलं, तोवर त्यांनी पान उलटलं होतं.

परीक्षकांचा तो शेरा सरांच्या कानावर गेला आणि जागा मला मिळाली. खरं तर मोजण्यापेक्षा काढणंच अवघड होतं, आणि ते आम्हाला जमलं होतं. लपवण्यासारखं त्यात काय होतं?

ती आता वरणगावला शाळेत शिकवते, मी जळगावला कॉलेजात. गेल्या वर्षी मी तिला फोन करून माफी मागितली.

"सरांना सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग मला काय सांगतेस? मी गावी गेले नव्हते, हे मला माहीतच आहे."

सर निवृत्त होऊन धुळ्यातच देवपूरला राहतात. परवा खरं सांगायला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. चहा आला. त्यांनी आपणहून तिचा विषय काढला. "हुशार होती पोरगी. पण लक्ष नव्हतं तिचं."

मी चहा संपवला आणि निघाले.