एकवीस कमानींचा व्हर्साय

गुरुनाथ वाळिंबे यांनी व्हर्सायचा राजवाडा बांधला होता. फ्रान्समधला नव्हे, पुण्यातला. बांबू, प्लाय, कापड आणि बेगड वापरून, १९९४ च्या गणपतीत, दहा दिवसांपुरता. जन्मभर मंडळांचे देखावे उभारले त्यांनी, पण जीव होता तो त्या राजवाड्यातल्या आरसेमहालावर. कॅलेंडरवरच्या फोटोत नऊ कमानी स्पष्ट दिसत होत्या, पुढच्या धूसर. गुरुनाथरावांनी विचार केला, मोदक एकवीस, दूर्वा एकवीस, मग कमानीही एकवीसच असणार. आरसे मात्र खरे लावले. परिणाम असा की दर्शनाची रांग हलेना. बायका थांबून केस सारखे करत, आणि पुरुषही काही मागे नव्हते.

पहिलं बक्षीस हुकलं ते हेमचंद्र सरांमुळे. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, गुरुनाथरावांचे रोज संध्याकाळचे चहाचे सोबती, आणि त्या वर्षी नेमके परीक्षक.

"कमानी जास्त झाल्यात," सर म्हणाले.

"तुम्ही पाहिलाय का खरा महाल?" गुरुनाथराव उसळले.

"तू तरी पाहिलायस?"

सगळं मंडळ खो खो हसलं. गुरुनाथरावांनी डोक्यात राख घालून घेतली. खरा महाल पाहीन, कमानी मोजीन, मगच या माणसाशी बोलेन, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं आणि सव्वीस वर्षं पाळलंही. फ्रान्सच्या राजांवर मिळेल ते पुस्तक वाचलं, पण आरसेमहालाचं पान आलं की उलटायचे. पुस्तकात किंवा स्क्रीनवर मोजलेलं मोजलेलं नव्हे, म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. त्यांना भीती वाटायची. आणि सरांची आठवण तर रोज चहाच्या वेळी यायची.

फेब्रुवारी २०२० मध्ये ते आयर्लंडमध्ये टॅलाला मुलाकडे आले. केदार आयटीत, सून मृणालिनी तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. ईस्टरच्या सुट्टीत सगळ्यांची पॅरिसची तिकिटं काढलेली होती. मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. तिकिटं रद्द झाली, आणि सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पाऊलही टाकू नये असं सरकारने सांगितलं. गुरुनाथराव बहात्तर वर्षांचे. व्हर्साय राहिला बाजूला, कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा परदेश झालं.

मग त्यांनी नऊ वर्षांच्या नातीला, ज्ञानदाला, गोष्टी सांगायला धरलं. तेराव्या लुईने जंगलात शिकारीपुरतं छोटं घर बांधलं, चौदाव्याने त्याचा एवढा राजवाडा केला आणि अख्खा दरबार तिथे हलवला. हा चौदावा सकाळी उठायचा तर सरदार रांग लावून बघायला उभे.

"वेट आबा, पीपल वॉच्ड युअर मॅन गेटिंग ड्रेस्ड?" ज्ञानदाचे डोळे विस्फारले.

"काकड आरतीच समज. फक्त देव जागा होऊन कपडे मागायचा."

सोळाव्या लुईवर आबांचा विशेष लोभ. राज्य धड जमलं नाही बिचाऱ्याला, पण कुलपं उत्तम करायचा. कारागीर माणूस चुकून राजा झाला. पाव मागत पॅरिसच्या बायका चालत आल्या आणि त्याला घेऊन गेल्या, तो पुन्हा तिथे परतला नाही, हे सांगताना आबांचा आवाज पडायचा.

ऑगस्टमध्ये गणपती आले. दोघांनी मखर म्हणून आरसेमहालच करायचा ठरवला. ऑनलाइन खरेदीची खोकी, स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल, मैद्याची खळ. आदल्या दिवशी एकविसावी कमान चिकटली आणि ज्ञानदा चुळबुळ करायला लागली.

"आबा, देअर आर ओन्ली सेव्हन्टीन. आय काउन्टेड ऑन द टॅब्लेट. सॉरी."

आबा खाली बसले. मग उठून कात्री घेतली, चार कमानी कापून काढल्या आणि खोक्यात टाकल्या. आता फोन करणं भागच होतं. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांचा नंबर होता. ज्ञानदाने व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर ब्याऐंशी वर्षांचा वाळलेला चेहरा आला. गुरुनाथरावांना वाईट वाटलं. एवढा काळ आपण वाया घालवला.

"सर, गुरुनाथ बोलतोय. कमानी सतराच आहेत. माझं चुकलं."

"माहितीये. गेल्या वर्षी लेकीने नेलं होतं. मोजल्या मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू बोलत कुठे होतास?" सर खोकले, मग हसले. "आणि सांगू काय? तिथे उभा राहिलो आणि चुकल्याचुकल्यासारखं झालं. म्हटलं, एवढ्यात संपला? चार कमी पडतात रे तिथे."

गुरुनाथरावांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि खोक्यातून चारही कमानी बाहेर काढल्या.

"ज्ञानदा, खळ आण गं."

"बट सेव्हन्टीन इज करेक्ट, आबा!"

"तिकडे. आपल्याकडे एकवीस."

ते फोन बंद करायला वळले, तोच पडद्यातून आवाज आला. "राहू दे चालू. तू लाव, मी मोजतो."

"स्क्रीनवर?" गुरुनाथरावांनी विचारलं.

"हो, स्क्रीनवर. अठरा... ती जरा सरळ कर."