जांभळ्या रेषा उमटेपर्यंत

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली…" आणि सुमनताईला शेवटचं पाहिलं तो दवाखाना आठवला. शीर सापडेना म्हणून वैतागलेल्या नर्सला ती सांगत होती, "सापडेल. घाई करू नका." माझी ही थोरली बहीण जन्मभर अशीच होती.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन ताई सत्तरच्या दशकात नाशिकला बोटांचे ठसे तपासणाऱ्या सरकारी कचेरीत लागली. काचेवरचा ठसा पावडरीनं दिसतो. कागदात मात्र घाम मुरून जातो. निनहायड्रिनचं औषध फवारलं, की मुरलेल्या घामाच्या रेषा हळूहळू जांभळ्या होतात. तिची बोटंही रंगायची. आई विचारायची, "जांभळं खाऊन आलीस का गं?"

एका उन्हाळ्यात दिंडोरीकडच्या खेड्यातून विषाची रिकामी पुडी तपासायला आली. वहीच्या कागदाची. म्हातारा सासरा दगावला होता आणि पुडी विधवा धाकट्या सुनेच्या, सोनूच्या, अंथरुणाखाली सापडली होती. ठसे द्यायला आणलेली सोनू एवढंच म्हणाली, "ताई, म्या त्या पुडीला हात बी नाय लावला." थोरल्या दिरानंही ठसे दिले होते आणि जबाब दिला होता, "पुडी मी पाहिलीच नाय."

ताईनं कागद फवारला. दुसऱ्या दिवशीही तो कोराच! साहेब म्हणाले, "ठसे नाहीत असं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"सर, हवा फार कोरडी आहे, त्यात रंग चढत नाही. मला अजून वेळ द्या."

"पोलीस खोळंबलेत."

"खोळंबू देत. ती बाई कोठडीत आहे."

तिनं पेटीत गरम पाण्याचं भांडं ठेवलं, वर कागद टांगला, झाकण लावलं आणि जेवायलाही उठली नाही. संध्याकाळी आतल्या घडीवर जांभळ्या रेषा उमटल्या… अंगठा थोरल्या दिराचा होता.

कोर्टात त्याच्या वकिलानं हिणवलं, "म्हणजे ठसा तुमच्या औषधानं तयार केला?"

"रंग माझ्या औषधाचा, साहेब. रेषा त्यांच्या."

सोनूचा जमिनीतला वाटा गिळायचा त्याचा डाव उघडा पडला. सुटल्यावर ती पाया पडायला आली, तर ताईनं तिला उठवलं. "पाया पडणं राहू दे. आधी वाट्याचा अर्ज कर, मी येते सोबत." आणि ताई खरंच जात राहिली, वाटा सोनूच्या नावावर होईपर्यंत.

परवा ताईचं कपाट आवरताना रसायनशास्त्राचं जुनं पुस्तक निघालं. एका पानाच्या कोपऱ्यावर तिच्याच अंगठ्याचा फिकट जांभळा ठसा होता. बराच वेळ बघत बसावंसं वाटलं. पण उजेडात हा रंग उडतो, हे तिनंच कधीतरी सांगितलं होतं. मी पुस्तक मिटलं.