दादाच्या मापाने बेतलेली बाथरूम

इंचबाईने सख्ख्या भावाला बाथरूममध्ये कोंडून घातलं, अशी बातमी एका दुपारीत सगळ्या गल्लीत फिरली. पहिल्या घरात तो अर्धा तास कोंडलेला होता. चौथ्या घरापर्यंत दोन तास झाले. इस्त्रीवाल्याच्या टपरीवर पोचली तेव्हा इंचबाईने बाहेरून कुलूप घातलं होतं आणि दाराच्या फटीतून घराचे कागद सरकवून सही मागत होती.

समोरच्या चष्मेवाल्या काकू तर शपथेवर सांगायच्या. "मी माझ्या या कानांनी ऐकलं! ती ओरडत होती, 'बोल ना! काहीतरी बोल!' आणि आतून एक अक्षर नाही. एक, अक्षर, नाही!" प्रत्येक शब्दाला चष्मा नाकावरून घसरायचा आणि काकू तो बोटाने वर ढकलायच्या.

काकूंचे कान खरे होते. बाकी सगळी काकूंची करामत.

झालं होतं ते असं. त्या जुन्या घरातली बाथरूम म्हणजे जिन्याखाली उरलेल्या जागेत कोंबलेली खोली. दार आत उघडणारं, दारात चार बोटं उंच उंबरा, खाली गुळगुळीत झालेला दगड. दादा, म्हणजे इंचबाईचे थोरले भाऊ, आंघोळीला गेले, आत पडले आणि पडले ते नेमके दाराला पाय लावून. दार ढकललं तर पाय चेंगरणार, आणि पाय काही त्यांना हलवता येईना. "कुणाला हाक मारलीस तर बघ," एवढं एकदा म्हणाले आणि मग रागाने तोंड शिवून घेतलं. इंचबाई बाहेर बसून विनवत होती आणि कात्रीच्या टोकाने दाराच्या खालच्या फळीचे खिळे उपसत होती. अर्ध्या तासाने फळी निघाली. तिने आत हात घालून त्यांचे पाय बाजूला केले, दार उघडलं, टॉवेल गुंडाळला, उठवलं. कापड कापायच्या कात्रीचं टोक मोडलं होतं.

दादांचं पहिलं वाक्य : "एवढा वेळ लागतो?"

इंचबाईला इंचबाई म्हणतात ते तिच्या तोंडामुळे. तीस-पस्तीस वर्षं बाहेरच्या खोलीत मशीन चालवून तिला जगच इंचात दिसायला लागलं. "दीड इंच सरकून बस." "ऊन सहा इंच आत आलं, आता उठ." गल्लीतल्या निम्म्या लोकांचे शर्ट-पँट, गणवेश तिच्या हातचे. घर वडिलांनी दादांच्या नावावर केलेलं. दादा कचेरीत फायली सांभाळायचे. वहिनी लवकर गेली तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून इंचबाई "थोडे दिवस" राहायला आली, ती राहिलीच. तो मुलगा तिने वाढवला, त्याच्या शाळेच्या चड्ड्यांपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं शिवलं. तो आता दुसऱ्या शहरात मोठ्या इमारतीत राहतो आणि प्रत्येक वाक्य मीटिंगमधून उचलून आणल्यासारखं बोलतो.

पडल्याचं कळल्यावर हा भाचा आला. खुर्चीत टेकून म्हणाला, "असं करू या, आत्या. बाबांना मी घेऊन जातो. तिकडे लिफ्ट आहे, दिवसभराचा माणूस ठेवू. हे घर काढून टाकू या."

"आणि मी?"

"तुझंही बघू या ना. तुला काय गं, मशीन कुठेही चालतं."

इंचबाईने हातातला दोरा तोडला. दाताने. "महिना दे मला. मी बाथरूम नीट करून घेते. दादा एकटा आत जाऊन, कुणाचाही हात न धरता आंघोळ करून बाहेर आला, तर?"

"तर राहा की दोघं इथेच. माझं काय म्हणणं आहे!"

दादा शेजारीच बसले होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मोटरचं नवं मशीन घेण्यासाठी इंचबाईने जे साठवलं होतं, तेवढ्यात सगळं बसवायचं होतं. तिने टेलराने करावं तेच केलं. खाकी कागद आणला आणि बाथरूम बेतली. जमिनीचा एक कागद, भिंतींचे चार, बादलीचा गोल, बसायच्या बाकाचा चौकोन. सगळे टाचण्यांनी एकमेकांना जोडून भिंतीवर लावले. गिऱ्हाईक म्हणालं, "हा कसला फ्रॉक हो?" ती म्हणाली, "दादाचा."

पण बेत मात्र पक्का होता, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल करावं. दार आता बाहेर उघडणार. उंबरा उडवायचा. कडी अशी की बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल. जमिनीला खरबरीत फरशी, भिंतीला घट्ट बसवलेलं बाक, धरून उठायला दोन दांड्या, नळ बसल्या जागी हाताशी.

फरशीच्या दुकानात ती नव्या नमुन्यांकडे फिरकलीसुद्धा नाही. थेट मागे गेली. दुकानदार शेवटचा शब्द गिळत बोलणारा. "बाई, मागे सगळा उरलेला मा... रंग जुळणार ना..."

"कटपीस आहे ना? मग झालं. जन्म गेला माझा कटपीसात."

चार वेगवेगळ्या घरांतून उरलेल्या फरश्या तिने अशा मांडल्या की मुद्दाम नक्षी केल्यासारखं वाटावं. राखाडी मध्ये, निळ्या कडेला, आणि सात पिवळ्या होत्या त्या नळाभोवती. फरशीवाला कामाला आला तेव्हा तो खाकी कागद बघून डोकंच खाजवायला लागला. "ताई, मी एवढी वर्षं फरशी लावतो. टाचणीवर कुणी काम सांगितलं नव्हतं."

"टाचणी काढू नका म्हणजे चुकणार नाही."

आता उरलं बाक आणि दांड्या किती उंचीवर लावायच्या ते. इंचबाई टेप गळ्यात घालून दादांपुढे उभी राहिली. "दादा, जरा पाय सरळ कर. गुडघ्याचं माप घेते."

"मी काय कापडाचा तागा आहे? वहीत आहे ना माझं माप?"

"आहे, पण..."

"जुनं गिऱ्हाईक आहे की नाही मी तुझं?"

हे असं वर्मावर बोट. नेहमीच्या गिऱ्हाइकाला परत टेप लावायचा नाही, वही काढायची, हा तिच्या दुकानाचा मान होता. टेप लावला की गिऱ्हाइकाला वाटतं, आपण जाड झालो किंवा ही आपल्याला विसरली. आणि दादांना तर सरळ उभं राहायला सांगणंच अवघड होतं. पडल्यापासून ते कमरेत वाकून चालत होते आणि घरात कुणी तो विषय काढलेला त्यांना खपत नव्हतं. तिने टेप उतरवला, वही काढली. निवृत्तीच्या दिवशीचा सूट शिवला होता ते पान. पँटची लांबी चाळीस, गुडघ्यापर्यंत एकवीस. राहिले एकोणीस. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत एकोणीस इंच, म्हणजे बाक एकोणीसवर. दांड्या कोपराच्या मापाने.

फरशीवाल्याने ड्रिल हातात घेऊन विचारलं, "ताई, जरा खाली घेऊ? सतरा? साधारण सतराच लावतात."

"साधारण कुणाचं? दादाचं एकोणीस आहे. वहीत लिहिलंय."

"वहीत असेल तर मग प्रश्नच नाही," असं म्हणून त्याने ड्रिल लावली. त्या आवाजाने काकूंच्या घरी नवी बातमी गेली की इंचबाई घर फोडायला निघाली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाचा आला. बाथरूम बघून खरोखर चकित झाला, मोबाईलवर दोन फोटोही काढले. "आत्या, भारी! एवढ्या पैशांत?" इंचबाईने तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी तिने स्वतःसाठी शिवलेले नवे कपडे घातले होते.

दादा आत गेले. एकटे. उंबरा नव्हता, पाय घसरला नाही. कडी लागली. नळ सुटला. बाहेर भाचा घड्याळाकडे बघत होता आणि इंचबाई कानांनी सगळं मोजत होती. आता बसला. आता साबण. आता तांब्या. एक तांब्या, दोन, पाच. नळ बंद झाला. तिचा चेहरा असा फुलला की भाच्यालाही हसू आलं.

मग काहीच ऐकू येईना.

"दादा?"

काही नाही.

"दादा, झालं का?"

काही नाही. पाच मिनिटं गेली. भाच्याने खिशातून नाणं काढलं, कडी फिरवली, दार ओढलं. तिनेच बाहेर उघडणारं केलेलं दार, एका झटक्यात पूर्ण उघडलं.

दादा बाकावर बसले होते. अंगावर टॉवेल ओढून घेतलेला, अंग निथळत होतं. टाचा जमिनीपासून दोन इंच वर, पायाची बोटं कशीबशी फरशीला टेकलेली, मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसवलेल्या पोरासारखे. दांडी छातीच्याही वर आली होती. तिला धरून लोंबकळता आलं असतं, रेटून उठता येत नव्हतं.

इंचबाईने टाचांकडे पाहिलं आणि तिला सगळं एका क्षणात कळलं. पँटचं माप बूट घालून घेतात. तो सूट शिवताना दादांनी नवे जाड तळाचे बूट घातले होते, आणि तिनेच म्हटलं होतं, बूट घालून उभा राहा म्हणजे लांबी बरोबर बसेल. आंघोळीला कोण बूट घालून जातं? आणि कोपराचं माप ताठ उभ्या माणसाचं. तो ताठ माणूस आता होता कुठे?

"आत्या, हे काय केलंस तू!"

"दोन इंच. फक्त दोन इंच खाली घ्यायचंय. चार बोल्ट आहेत, उद्या सकाळी तो येईल, अर्ध्या तासाचं काम..."

"आत्या, आपलं काय ठरलं होतं?"

तिने भाच्याशी हुज्जत घातलीच नाही. वळून दादांकडे बघितलं. घर त्यांचं, आंघोळ त्यांची, जायचं की राहायचं तेही त्यांचंच. "दादा, तू सांग ना याला. उद्यापर्यंत थांब म्हणावं."

भाच्याने त्यांना उठवून उभं केलं होतं. दादा टॉवेलच्या टोकाने कान पुसत म्हणाले, "मला तिकडेच बरं पडेल. इथे रोज काहीतरी उंच असतं."

एवढंच. इंचबाई आत गेली, बाकावरचा साबण उचलून साबणदाणीत ठेवला, नळाभोवतीच्या पिवळ्या फरश्या पुसल्या आणि मशीनवर जाऊन बसली. पाय पायट्यावर होते, पण मशीन चाललं नाही.

पुढच्या आठवड्यात दलाल आला. हा प्रत्येक वाक्याला "बरं का" लावणारा. "घर जुनं आहे, बरं का. छत गळतं, बरं का. पण बाथरूम! अहो, गिऱ्हाईक बाथरूम बघून घर घेतं, बरं का." त्याने जाहिरातीत पहिला फोटो बाथरूमचा टाकला. खाली लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी खास सोय'. भाच्याने आत्याला दोन महिने दिले, "घाई अजिबात नाही" असं चार वेळा म्हणून. तिने नाक्यावर पिठाच्या गिरणीमागे एक खोली बघितली. मशीन बसतं, खाट बसते. तिसरं काही बसत नाही.

आम्ही तिच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे हे सगळं मला आधी भिंतीतून आणि मग तिच्याकडून कळलं. दादा निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. ती त्यांच्या बॅगेत घड्या घालत होती. मी दलालाची नक्कल करून दाखवली तर नुसती नाकाने हसली. मग मी म्हणाले, "मावशी, उद्या जाताना तरी ते काहीतरी चांगलं बोलतील बघ."

"नाही बोलणार, पोपटा." मी फार बडबडते म्हणून ती मला पोपट म्हणते.

"बोलतील! एवढी वर्षं केलंस. माणूस आहे, गाडीत बसताना गळा दाटतोच."

"लाव पैज. बोलला तर तुला म्हणशील तसा ड्रेस फुकट. नाही बोलला तर गणवेशाची शंभर बटणं लावायची. आणि नुसतं बघितलं, डोळे पाणावले, मान हलवली, असलं काही धरायचं नाही. तोंडाने बोलायला हवं."

मी टाळी दिली. ड्रेसचा गळा कसा हवा तेही सांगून टाकलं.

सकाळी गल्ली दाराशी जमली. चष्मेवाल्या काकू पदराने डोळे टिपत सगळ्यांच्या पुढे. दादा मागच्या सीटवर बसले. इंचबाईने त्यांच्या पाठीशी उशी सारली, दार लावलं आणि खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभी राहिली. भाच्याने गाडी सुरू केली. तेवढ्यात काच हळूहळू खाली आली आणि दादांनी बोटाने तिला जवळ बोलावलं. मी काकूंना कोपराने बाजूला करून पुढे घुसले. जिंकलेच मी!

दादा म्हणाले, "काचेला हात लावू नकोस. डाग पडतात."

काच वर गेली. गाडी वळणापर्यंत दिसली. इंचबाईने हात पदराला पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "शंभर."

आत्तापर्यंत सत्तावीस झाली आहेत. तिसऱ्यापासूनची सहा तिने ओढून बघितली, उपटली आणि म्हणाली, "सैल आहेत, परत लाव." ती सहा मोजणीत धरत नाही.