रिक्षावाल्यासाठी उघडं ठेवलेलं पान

मंगळवारी सकाळी मालवणात मी पुरती अडकले... आणि कारण काय, तर मीच बनवलेली वेबसाईट!

तारकर्ली रोडवर सुलभाकाकींचं निवास-न्याहारी आहे. त्यांचं बुकिंग ऑनलाईन करून दिलं, तेव्हा त्यांचा एकच हट्ट. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवरून आणणारा बाबल रिक्षावाला सायबर कॅफेत माहिती बघणार, त्याला पासवर्ड नको. "बाबलाक पासवर्ड कित्याक गो? तो काय परको आसा?"

मलाही पटलं... आमच्याकडे दिवसा दाराला कडी लावतं कोण! प्रत्येक बुकिंगचं एक पान केलं, लिंकच्या शेवटी फक्त बुकिंगचा नंबर. नाव, फोन, घरचा पत्ता, रेल्वेगाडी, डबा, किती दिवस राहणार... सगळं.

आता, वेबसाईट कुठून फुटते ते शोधून फुकटात सांगणारा प्रोग्रामर लोकांचा एक ग्रुप आहे. जगभरचे लोक, पगार कुणालाच नाही. वेबसाईटमधल्या नेहमीच्या चुकांची त्यांची यादी मी चार महिन्यांपूर्वी डाऊनलोड केली... आणि उघडलीच नाही. मला कायम कुतूहल, अशा ग्रुपमुळे कुणाचा कोड खरंच सुधारतो, की नुसत्या गप्पा-गजाली?

सोमवारी मी त्यांना ईमेलवर हेच विचारलं, जरा खवचटपणेच. खाली काकींच्या साईटची लिंकही दिली. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचं उत्तर... वाद नाही, काही नाही. बुकिंगच्या पानाच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलून बघा, एवढंच.

बदलला... तर समोर पुण्याच्या एक बाई. एकट्याच आलेल्या, शुक्रवारपर्यंत इथे. म्हणजे घर बहुतेक रिकामं, आणि पत्ता साऱ्या जगाला उघडा! आईशप्पथ!

पान लगेच बंद केलं. पण काकींना सांगितलं तर बाजारात बभ्रा, हातातली तीन कामं गेली समजा. गप्प बसले तर त्या बाईंना कळणारही नाही. शेवटी काकींकडे गेले आणि सांगून टाकलं.

काकी बांगडे साफ करत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि तडक पडवीत चहा पीत बसलेल्या त्या बाईंकडे गेल्या. पाहुण्यांशी बोलायच्या त्यांच्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "ताई, आमची चूक झाली. तुमचा पत्ता वेबसाईटवर उघडा राहिला होता. घरी कुणाला तरी बघायला सांगा."

आमची, म्हणाल्या. माझं नाव घेतलंच नाही.

बाईंनी पुण्याला शेजाऱ्यांना फोन लावला. ती पाच मिनिटं कशी गेली, माझं मलाच माहीत... कुलूप जसंच्या तसं होतं. मला रडूच फुटलं. काकी म्हणाल्या, "रडतंस कित्याक? त्या ग्रुपाक सांग जा, दुसऱ्याचा घर तरी वाचांदे."

लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. संध्याकाळपर्यंत दोघांची उत्तरं आली... त्यांच्याही साईटवर हेच निघालं होतं. त्या अनोळखी माणसाला थँक यू लिहून झालंय. काकींना काय म्हणू, ते मात्र अजून सुचत नाहीये.