नव्या इंजिनाचं पहिलं तेल

माझ्या सासरचे लोक आमगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मातीची पाळ घालून तलाव बांधणारे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं ज्ञान त्या घरात तलावातूनच यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधी सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पाणी उपसायला लहानसं इंजिन आणलं. त्याला हळदकुंकू लागलं, हार चढला, नारळ फुटला. घरात आल्यावर माझंही एवढं झालं नव्हतं.

माझे वडील गोंदियाला धानाच्या गिरणीत इंजिन चालवायचे. नवं इंजिन पंचवीसेक तास चाललं की पहिलं तेल काढून टाकायचं, कारण नवे भाग घासून लोखंडाचा कीस तेलात उतरतो. पुढे शंभरेक तासांनी बदललं तरी चालतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, अशी रीत. म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, आणि त्या अंगणात जाऊन म्हणाल्या, "सून सांगून राहिली, इंजिनातलं तेल बदला."

मामाजी हसले. "नव्या तलावाचं पहिलं पाणी कोणी सोडते का? गाळ बसला तवाच पाळ पक्की होते. तेल काळं होऊन राहिलं म्हंजे इंजिन पक्कं होऊन राहिलं. चांगलं तेल कायले फेकू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही हलवली, पण पदराआड मान आडवी हलते की उभी, ते कोणाला दिसत नाही.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान निसवायला आलेला आणि तलावाचं पाणी पाळीतल्या मोरीच्या खाली, पाटात उतरेना. वरच्या बांध्यांतला, म्हणजे उंचावरच्या खाचरांतला, धान आता इंजिनाच्याच भरवशावर होता. तो मी चिखलात वाकून रोवला होता, माझा जीव तिथे अडकला होता. इंजिन पाच दिवस रात्रंदिवस चाललं. सासूबाईंकरवी मी आणखी दोनदा निरोप धाडला. पालथ्या घड्यावर पाणी. सहाव्या दिवशी इंजिन किंचाळलं आणि जागीच आवळून बंद पडलं.

गोंदियाहून मिस्त्री चार दिवसांनी आला. त्यानं विचारलं, "पहला तेल कब निकाला?" घरातले सगळे शहाणे एकमेकांकडे बघू लागले. त्यानं खालचा बोल्ट काढला, काळं तेल गळलं, त्यात चकचकीत कीस. गाळ चिमटीत धरून पाळीचं आयुष्य सांगणारे मामाजी तो कीस बराच वेळ चोळत बसले.

सुटे भाग येऊन इंजिन सुरू व्हायला आणखी दहा दिवस गेले. तोवर वरच्या बांध्यांतल्या लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या, आत नुसतं फोल. मी शेताच्या धुऱ्यावर बसून रडले.

त्या संध्याकाळी मामाजी चुलीपर्यंत आले आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "सूनबाई, नवं तेल टाकलं. आता कधी बदलावं?"

मी रीत मोडली नाही. सासूबाईंकडे वळून म्हटलं, "मामाजीले सांगा, आता काही घाई नाही. पाणी द्यायले वर धान कुठं राहिला?"