रंग चाळणारे साडू

१९५८ साली मी एकतीस वर्षांचा होतो, आणि अख्ख्या मद्रास शहरात आमच्या साडूंइतका शिकलेला वेडा दुसरा नाही, असं मी कोणालाही पैज मारून सांगत असे. आजही सांगेन. मी स्वतः मिरजेकडचा, चौथीतून शाळा सोडलेला, पेरांबूरला रेल्वेच्या कारखान्यात लेथवर टर्नर. लग्न झालं ते इथल्याच तंजावरी मराठी घरात, आणि बायकोच्या थोरल्या बहिणीबरोबर हे साडू पदरात पडले. नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसर बोलत असताना मागे उभं राहून दिवा लावायचा, प्रोफेसर थांबले की विझवायचा. बारा वर्षं त्यांनी हेच केलं, पण ऐट अशी की सूर्यसुद्धा सकाळी यांना विचारूनच वर येतो.

त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. पांढरा उजेड हा पांढरा नसतो, त्यात सगळे रंग गर्दी करून बसलेले असतात. त्या गर्दीतला हवा तो एकच रंग बाहेर काढायचा आणि बाकीच्यांना आत कोंडायचं. रेडिओची कळ फिरवून आपण सिलोन लावतो तसा त्यांना रंग लावायचा होता. त्यासाठी मूर मार्केटातल्या जुन्या बाजारातून लष्करी साहेबांचे टाकलेले काळे चष्मे आणायचे, उन्हाची चकाकी कापणारे असतात ते, आणि गुडूरच्या खाणीतून अभ्रक. अभ्रकाचा पापुद्रा, त्यावर चष्म्याची काच, मग आधीच्या दुप्पट जाडीचा पापुद्रा, परत काच, मग त्याच्या दुप्पट. प्रत्येक थर म्हणजे एक चाळण, असं ते म्हणत. पहिली चाळण ढोबळ, पुढची बारीक, आणि शेवटी नळीतून पडतो तो एकच रंग. थर फिरवले की रंग बदलतो. मला हे त्यांनी इतक्या वेळा समजावलं की माझ्या लेथलाही समजलं असेल.

अभ्रक सोलायचं काम संध्याकाळी त्यांच्या घरात चाले. मांडी घालून, शिवणाच्या सुईनं, श्वास रोखून. पापुद्रा उडेल म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन बंद. मद्रासचा मे महिना, खिडक्यासुद्धा लावलेल्या, आणि घरातली माणसं वाफेवरच्या इडल्यांसारखी फुगून बसलेली. मी एकदा मुद्दाम शिंकलो. साडूंनी वर न बघता म्हटलं, "साडूराव, तुम्ही शिंकलं ते दोन दिवसांचं काम गेलं. अजून शिंकायचं असेल तर आत्ताच शिंकून घ्या ओ, मग नवा पापुद्रा घेतों." आमच्या मेहुणीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "त्यांस कशाला सांगतांत? आम्ही उद्यापासून श्वासच घेत नाहीं, मग झालं?"

मेहुणीबाईंचं दुःख निराळं होतं. साडूंना आपली नळी तपासायला शुद्ध पिवळा रंग लागे, आणि शुद्ध पिवळा फुकटात मिळतो तो मिठातून. स्टोव्हच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळीधमक होते. चिमटी चिमटी करत घरातलं मीठ संपे आणि रसम अळणी होई. शेवटी त्या माउलीनं मिठाचा डबा देवघरात, कुलदैवताच्या मागे लपवला. साडूंना तो दोन दिवसांत सापडला. देवाला हात जोडून, क्षमा मागून, त्यांनी मीठ काढून घेतलं. "देवास मिठाचं काय काम?" हा त्यांचा प्रश्न.

एका दिवाळीला मेहुणीबाईंसाठी हिरवं लुगडं घ्यायला आम्ही चौघं दुकानात गेलो. दुकानदारानं गादीवर रेशमाचा ढीग लावला, कॉफी मागवली. साडूंनी खिशातून नळी काढली, एक डोळा मिटला आणि लुगड्यांची तपासणी सुरू केली. "हे हिरवं नाहीं. यांत पिवळाही आहे, निळाही आहे. दोघांनी मिळून तुम्हांस फसवलंय." दुसरं लुगडं. "हे तर लबाड. यांत तांबडासुद्धा बसलाय." असं दीड तास. आलेली कॉफी दुकानदारानं स्वतःच पिऊन टाकली. मेहुणीबाई उठल्या, सगळ्यात लबाड लुगडं उचललं आणि म्हणाल्या, "मला फसायचंच आहे. द्या हो हेच."

इथवर मला काही अडचण नव्हती. पण एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना त्यांनी नळीतून रेल्वेचा सिग्नल बघितला आणि म्हणाले, "तुमच्या रेल्वेचा तांबडा दिवा शुद्ध नाहीं ओ साडूराव. नारिंगी गळतंय त्यांतून." मी भाताचा घास खाली ठेवला. म्हणालो, "गळू दे. गाडी थांबते की नाही? तुमच्या नळीनं आजवर एक सायकल तरी थांबवली का?" माझी बायको मला पायानं ढोसत होती. साडू हसले आणि ताक मागितलं. त्यांना राग येत नसे, हा त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण. भांडायला आलेल्या माणसाची त्यानं फार पंचाईत होते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी खबर आली की डोंगरावरच्या सूर्याच्या वेधशाळेतले एक मोठे तमिळ साहेब कॉलेजात येणार आहेत. सूर्याचे फोटो एकाच रंगात काढायचे म्हणून त्यांना असल्या चाळण्यांची जाण असलेला माणूस हवा होता. प्रिन्सिपॉलनी साडूंना सांगितलं, शनिवारी दुपारी तुमची नळी दाखवा. पसंत पडली तर डोंगरावर नोकरी, नाही पडली तर आहेच आपला दिवा. साडू त्याच संध्याकाळी पेरांबूरला माझ्या दारात. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर मला घाम दिसला, आणि पंखा तर चालू होता.

पुठ्ठ्याची नळी साहेबापुढे कशी न्यायची? पितळेची हवी होती. आत थर धरणारं एक कडं, बाहेर एक कडं, आतलं बाहेरच्यात गुळगुळीत फिरायला हवं. ते एका कागदावर आकडे लिहून आले होते. "दोन कड्यांमधें तीन थाऊ फट ठेवा." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी म्हणालो, तीन थाऊ फट बैलगाडीच्या चाकाला ठेवतात. "तसं नाहीं ओ. दिवा कार्बनचा, फार तापतो. आतलं कडं आधीं तापणार, बाहेरचं मागून. रुळांमधें तुम्ही फट ठेवतांत की नाहीं उन्हासाठी?"

झालं. दिवे विझवणारा माणूस मला रेल्वे शिकवत होता. माझ्या हातच्या फिटिंगवर आमचे फोरमन बोट फिरवून मान डोलवत, आणि मी ढिलं काम करू? ज्या कामावर माझा हात फिरला त्यात हवा शिरता कामा नये, हा माझा धर्म. मी कडी बनवली ती अशी की मधे एक थाऊसुद्धा फट नव्हती. तेलाचं बोट लावलं की लोण्यातून सुरी जावी तशी फिरत. शुक्रवारी साडू घ्यायला आले. फिरवून बघितली, लहान मुलासारखे हसले, पुन्हा फिरवली. मग विचारलं, "तीन ठेवलंत की?"

मी म्हणालो, "ठेवलं."

त्यांनी मोजलं नाही. साडूचा शब्द कोण मोजतो?

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कॉलेजात गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. साडूंनी इस्त्रीचा कोट घातला होता, दुसऱ्या कोणाचा तरी. खिडक्यांना काळे पडदे लावले, कार्बनचा दिवा फुरफुरत पेटला, आणि भिंतीवर हिरवा डाग पडला. खोटं कशाला बोलू, तसला हिरवा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पानाचा नव्हे, पोपटाचा नव्हे, नुसता हिरवा, ज्याच्यात दुसरं कोणी बसलेलं नाही असा. साहेब खुर्चीत पुढे सरकले. इंग्रजीत काहीतरी म्हणाले, आणि शेवटचा शब्द 'रेड' होता, तो मलाही कळला.

साडूंनी कडं फिरवलं. कडं फिरलं नाही. रुमाल धरून फिरवलं. नाही. दोन्ही हातांनी. हिरवा डाग जागच्या जागी. मी शेवटच्या बाकावर होतो तरी मला आत काय झालं ते दिसत होतं: आतलं कडं तापून फुगलं होतं, बाहेरच्यानं त्याला आवळलं होतं, आणि त्याला जायला जागा नव्हती. प्रिन्सिपॉल खोकले. साडूंची बोटं भाजत होती, ती त्यांनी कोटाला पुसली आणि सावकाश दिवा विझवला. तेवढं काम त्यांना बारा वर्षांच्या सवयीचं होतं.

मला वाटलं, आता ते मागे वळून माझ्याकडे बघतील. ते साहेबांकडे बघत म्हणाले, "माय मिस्टेक, सर." मग तमिळमध्ये सगळं सांगितलं. फट किती ठेवायची त्याचा हिशेब आपलाच चुकला, कारागिराचा दोष नाही. साहेबांनी नळी हातात घेतली, पितळेवरून अंगठा फिरवला, आणि विचारलं की हे काम कोणाचं. फार सुंदर आहे. "माझ्या साडूंचं," साडू म्हणाले आणि हात माझ्याकडे केला. सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. आणि मी उठून नमस्कार केला. माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तो, आणि त्याची आठवण झाली की अजून माझे कान तापतात.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्यांना कळलं होतं का? हुशार माणूस, त्यांना न कळून कसं चालेल. पण ते एवढंच म्हणाले, "हिरवा बरा होता की नाहीं ओ?" मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "बरा होता."

महिन्याभरानं त्यांना डोंगरावरून पत्र आलं. सहा महिने काम करून बघा, नळी घेऊन या. सहा महिन्यांची वीस वर्षं झाली. साडू तिकडे धुक्यात सूर्य शोधत राहिले, इकडे माझं भांडणच बंद पडलं. मेहुणीबाई लिहीत की तिथे थंडी एवढी की पंखा नाही याचं काही वाटत नाही. साडूंची जन्मभर समजूत होती की त्या हिरव्या रंगानं साहेबांचं मन जिंकलं. असेलही. मी कधी काही बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. साडू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी मुलाकडे अण्णा नगरात राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि घरात पंखे तीन आहेत. कोणी बंद कर म्हणत नाही. आता लिहून टाकायला हरकत नाही.

नळी अडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहेब एग्मोरला रेल्वेच्या विश्रामगृहात उतरले होते, तिथला राखणदार माझ्या ओळखीचा. सकाळी सहाला मी तिथे गेलो. साहेब व्हरांड्यात आरशासमोर दाढी करत होते, तोंडभर साबण. मी चपला पायरीखाली काढल्या. रात्रभर घोकलेलं वाक्य तमिळमध्ये बोललो. तप्पु एन्नुदु, सार. चूक माझी आहे. साडूंनी तीन थाऊ सांगितलं होतं, मी एकसुद्धा ठेवलं नाही, आणि ठेवलं म्हणून त्यांना खोटं सांगितलं. साहेबांनी वस्तरा थांबवला, वळून बघितलं, कानातला साबण बोटानं काढला आणि भुवया वर केल्या. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. राखणदार झाडू टाकून दारात येऊन उभा राहिला होता. मग मी ते सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, मोठ्यानं.