फाटकाजवळची मोरपंखी

धाराशिवला दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि भाऊ कळंबला. वास्तुशांतीची माणसं जेवून गेली आणि घर एकदम गप्प झालं. फाटकाच्या आत थोडी माती होती, तिथं लावायला मी रोपवाटिकेतून मोरपंखी आणली. शाळेत आम्ही मुली तिचं पान ‘विद्या’ म्हणून पुस्तकात ठेवायचो, तेवढीच तिची ओळख.

समोरच्या घरात एक काकू राहायच्या. नवरा गेल्यावर तामलवाडीहून मुलाकडं आलेल्या. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर ओट्यावर बसून असायच्या. मी खड्डा खणत होते तर त्या रस्ता ओलांडून आल्या आणि मला बजावलं, की मोरपंखी जोडीनं लावतात, एकटी लाभत नाही. मी म्हटलं, जागा नाही. खरं तर जागा होती. ‘जोडीनं’ या शब्दाचाच मला राग होता. त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

झाड सावकाश वाढलं. पानं अशी उभी, की जणू हातात धरलेले पत्ते. आतली पानं वाळून तपकिरी व्हायची, ती मी हात घालून झाडून काढायची; मग बोटांना राळेसारखा वास राहायचा. नळाला आठवड्यानं पाणी, म्हणून तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी तिला. ऑफिसातून आले की आधी तिच्यावरची धूळ धुवायची, मग चहा. घरी आल्यावर कुणाचं तरी काही करावं वाटतं.

मग एका उन्हाळ्यात आई आजारी पडली. रजा टाकून मी कळंबला गेले. दुखणं लांबत गेलं आणि ऐन मे महिन्यात आई गेली. दिवसकार्य उरकून एसटीनं परतताना झाड वाळलं असणार हे मी धरूनच चालले होते.

ते हिरवं होतं. बुंध्याशी माती ओली होती.

समोर गेले, विचारलं. फाटकाला कुलूप, म्हणून काकू गजांतून हात घालून तांब्या-तांब्यानं पाणी ओतायच्या. गुडघे दुखायचे, तरी रोज.

“काकू, तुम्हीच म्हणाला होता, एकटी लाभत नाही,” मी म्हटलं.

“म्हन्ले हुते की,” त्या म्हणाल्या. “एकली हाय म्हनून मरू द्यावं व्हय तिला?”

त्या दिवशी आईसाठी मी पहिल्यांदा रडले, ते त्यांच्या ओट्यावर.

पुढं रोज संध्याकाळी आम्ही बसायचो. दोनेक वर्षं. मग त्यांना विसर पडायला लागला, मुलाची बदली झाली, आणि त्यांना गावी थोरल्या मुलाकडं ठेवलं. समोरच्या घराला कुलूप लागलं.

गेल्या दिवाळीनंतर मी तामलवाडीला गेले. काकू अंगणात उन्हाला बसल्या होत्या, पार सुकलेल्या. माझा हात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

“कुनाची गं तू?”

“तुमच्या समोरच्या घरातली,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि चहा येईपर्यंत माझा हात तसाच धरून ठेवला.